ऐकलेला खेळ, सांगितलेली आठवण : मराठी क्रिकेट-स्मरणरंजनातील विनोदाचा विचार

बीजसंज्ञा : स्मरणरंजन, हास्यरस, धावते समालोचन, क्रीडालेखन, झाडीपट्टी व दक्षिण गडचिरोली

प्रस्तावना

मराठी समीक्षेत ‘स्मरणरंजन’ ही संज्ञा बहुधा दोषदर्शक अर्थानेच योजिली जाते. लेखक भूतकाळात रमला आणि वर्तमानाचे भान विसरला, असे सुचवायचे असले की समीक्षक ती हाती घेतो. क्रीडाविषयक लेखनाच्या वाट्याला तर एवढीही दखल येत नाही. आत्मचरित्र, प्रवासवर्णन, व्यक्तिचित्र यांचा वाङ्मयेतिहासात स्वतंत्र विचार होतो. क्रीडालेखन मात्र ‘वृत्तपत्रीय’ म्हणून बाजूस ठेवले जाते. वस्तुतः गेल्या पाऊणशे वर्षांत मराठी भाषकांनी जे सामूहिक स्मरण हौसेने जोपासले, त्यात क्रिकेटच्या स्मरणाचा वाटा फार मोठा आहे. दोन आजन्म क्रिकेटरसिक कचेरीत, एस. टी.च्या थांब्यावर किंवा लग्नाच्या मांडवात भेटले, की जुन्या सामन्यांचा विषय निघतो आणि थोड्याच वेळात हशा पिकतो. हे स्मरण विनोदी रूप का धारण करते आणि त्या विनोदाचे मूल्य कोणत्या निकषावर ठरवावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे आहे. क्रिकेटची आठवण दोन प्रकारची असते. एक ‘मी तेथे होतो’ असे सांगणारी, म्हणजे पाहिलेल्या खेळाची. दुसरी रेडिओवरून, वृत्तपत्रातून किंवा थोरांच्या तोंडून आलेली, म्हणजे ऐकलेल्या खेळाची. मराठी क्रीडालेखनाने पहिल्या प्रकाराला प्रतिष्ठा दिली. परंतु विनोद आणि आपलेपणा या दोन्ही बाबतींत दुसरा प्रकार अधिक उदार आहे. सिरोंचासारख्या ठिकाणाहून या वाङ्मयाकडे पाहिले असता हा फरक विशेष स्पष्टपणे जाणवतो.

परिभाषेत दडलेले हास्य

ऐकलेल्या खेळाला आधी भाषा लागते. मराठीतून क्रिकेटचे धावते समालोचन लोकप्रिय करण्याचे श्रेय बाळ ज. पंडित (निधन २०१५) यांच्याकडे जाते. ते स्वतः महाराष्ट्राकडून रणजी सामने खेळलेले होते. त्यांनी व त्यांच्या समकालीनांनी, तसेच वि. वि. करमरकर (निधन २०२३) यांच्यासारख्या क्रीडापत्रकारांनी, जी परिभाषा रुळवली ती आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे घडलेपण जाणवत नाही. ते जाणीवपूर्वक पाहिले तर त्यात एक मिस्कीलपणा आढळतो.

‘गोलंदाज’ हा शब्द तोफखान्यातील आहे. तोफेचा गोळा डागणारा तो गोलंदाज. त्याच्याच धर्तीवर ‘फलंदाज’ घडला. बाद झालेला खेळाडू ‘तंबूत’ परततो, जणू लढाई छावणीपासून हाकेच्या अंतरावर सुरू आहे. ‘पायचीत’, ‘यष्टिचीत’, ‘धावचीत’ या शब्दांतील ‘चीत’ आखाड्यातून आला आहे. इंग्रजांच्या या सभ्य खेळात फलंदाजाची पाठ मराठी भाषेने मातीला लावली. ‘बळी’ हा शब्द तर थेट देवस्थानातला. आणि ‘त्रिफळा’! हिरडा, बेहडा आणि आवळा ही तीन फळे गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात गौण वनोपज म्हणून गोळा केली जातात, हे येथील प्रत्येकास ठाऊक असते. पोट साफ करणारे चूर्ण आणि यष्ट्या उडवणारा चेंडू या दोहोंस एकच नाव असावे, यातील गंमत मुंबईच्या श्रोत्यापेक्षा येथील श्रोत्याला कदाचित लवकर कळते.

अर्जुन अप्पादुराई यांनी ‘मॉडर्निटी अ‍ॅट लार्ज’ (१९९६) या ग्रंथातील क्रिकेटविषयक प्रकरणात देशी भाषांतील समालोचनाचे महत्त्व दाखवून दिले आहे. देशी भाषांमुळे हा वसाहती खेळ भारतीयांचा झाला, हे त्यांचे विवेचन ग्राह्य आहे. त्याला येथे एक पुस्ती जोडता येईल. खेळ आपलासा होण्यासाठी तो समजणे पुरेसे नसते. त्याची थट्टा करता यावी लागते. तोफखाना, आखाडा, देऊळ आणि वैद्याची पुडी यांतून शब्द उचलणाऱ्या परिभाषेने थट्टेची सोय आरंभापासूनच करून ठेवली होती. म्हणूनच परीक्षेत अनुत्तीर्ण झालेला विद्यार्थी ‘त्रिफळा उडाला’ असे म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्याला क्रिकेटचे नियम ठाऊक नसले तरी तो हसतो.

पराभव आणि आत्मस्थ हास्य

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्याचे आत्मस्थ व परस्थ असे दोन प्रकार सांगितले आहेत. स्वतः हसणे ते आत्मस्थ आणि दुसऱ्यास हसवणे ते परस्थ. तसेच ‘स्मृती’ची गणना त्यांनी तेहतीस व्यभिचारी भावांत केली आहे. स्मृती ही स्वतः रस नव्हे. ती ज्या स्थायी भावाच्या साहचर्याने येते त्याचा रंग तिला चढतो. क्रिकेटच्या आठवणीत विजय असेल तर स्मृतीला उत्साहाचा रंग चढावा आणि पराभव असेल तर शोकाचा, अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात तसे घडत नाही. मराठी क्रिकेटरसिक ज्या प्रसंगांवर सर्वाधिक हसतो ते बहुतेक पराभवाचेच असतात.

तीन उदाहरणे पाहू. जून १९७४ मध्ये लॉर्ड्सच्या कसोटीत भारताचा दुसरा डाव १७ षटकांत ४२ धावांत आटोपला; त्यात एकनाथ सोलकरच्या नाबाद १८ धावा सर्वाधिक होत्या. दुसरे उदाहरण ७ जून १९७५ चे. पहिल्या विश्वचषकाच्या पहिल्या दिवशी, त्याच मैदानावर इंग्लंडने ४ बाद ३३४ धावा केल्या आणि सुनील गावसकर संपूर्ण ६० षटके खेळून १७४ चेंडूंत ३६ धावांवर नाबाद राहिला. भारताची धावसंख्या ३ बाद १३२ झाली. तिसरे उदाहरण १८ एप्रिल १९८६ चे. शारजात अखेरच्या चेंडूवर पाकिस्तानला विजयासाठी चार धावा हव्या असताना जावेद मियांदादने चेतन शर्माच्या चेंडूवर षटकार मारला.

या तिन्ही प्रसंगांच्या कथनाची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. निवेदक खेळाडूविषयी थोडे बोलतो आणि स्वतःविषयी पुष्कळ. चहा होईपर्यंत डाव कसा संपला. छत्तीस धावा होईतो घरातील कोण कोण झोपी गेले. शारजाचा शेवटचा चेंडू पडण्याआधी फटाक्यांची माळ कोणी हातात घेतली होती आणि नंतर ती कोठे लपवली. अशा कथनात चेतन शर्मा हे निमित्त असते. हास्याचा विषय आहे तो फटाके हाती घेऊन उभा राहिलेला माणूस, आणि तो निवेदक स्वतःच असतो. येथे आत्मस्थ आणि परस्थ हे दोन्ही प्रकार एकत्र येतात. निवेदक स्वतःस हसतो आणि त्यायोगे इतरांस हसवतो. पराभवाचा सल याच मार्गाने सोसण्याजोगा होतो.

यावरून एक निकष हाती येतो. स्मरणरंजनातील विनोद कोणावर पडतो हे पाहावे. तो सांगणाऱ्यावर पडत असेल तर त्याने माणसे जोडली जातात. तो नव्या प्रेक्षकावर, नव्या खेळप्रकारावर किंवा ‘तुम्हाला काय कळणार’ या रोखाने श्रोत्यावर पडत असेल, तर तो विनोदाच्या वेशातील तुच्छता ठरतो. स्वेत्लाना बॉइम यांनी ‘द फ्यूचर ऑफ नॉस्टॅल्जिया’ (२००१) या ग्रंथात भूतकाळ जसाच्या तसा परत आणू पाहणारे आणि त्याच्या अंतराचे भान राखून चिंतन करणारे, असे स्मरणरंजनाचे दोन प्रकार केले आहेत. ‘आमच्या वेळचे क्रिकेट हेच खरे क्रिकेट’ हे वाक्य पहिल्या प्रकारचे. आपल्या वेळच्या भाबडेपणावर हसणारा रसिक दुसऱ्या प्रकारात मोडतो.

न पाहिलेली खेळी

पाहिलेल्या खेळाची आठवण अधिक विश्वसनीय आणि म्हणून अधिक मोलाची, असा समज आहे. १८ जून १९८३ रोजी टनब्रिज वेल्स येथे कपिल देवने झिंबाब्वेविरुद्ध केलेल्या नाबाद १७५ धावा या समजाला छेद देतात. भारताची अवस्था ५ बाद १७ होती. पुढे नवव्या गड्यासाठी कपिल व सय्यद किरमाणी यांनी अभेद्य १२६ धावा जोडल्या, भारताने ८ बाद २६६ पर्यंत मजल मारली आणि सामना ३१ धावांनी जिंकला. या खेळीचे चित्रीकरण उपलब्ध नाही. भारतीय क्रिकेटमधील बहुधा सर्वाधिक सांगितली गेलेली ही खेळी मैदानावरील थोड्या प्रेक्षकांखेरीज कोणीही पाहिलेली नाही. त्यामुळे तिच्याविषयी बोलताना दादरचा रसिक आणि सिरोंचाचा रसिक एकाच पातळीवर येतात. दोघांनीही ती ऐकलेली आहे, दोघांनीही ती मनाने रचलेली आहे आणि दोघांनाही तिच्यात थोडी भर घालण्याचा अधिकार आहे.

असेच दुसरे उदाहरण भाऊसाहेब निंबाळकरांचे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध ते ४४३ धावांवर नाबाद होते आणि महाराष्ट्राची धावसंख्या ४ बाद ८२६ होती. प्रथम श्रेणीतील सर्वोच्च धावसंख्येचा डॉन ब्रॅडमनचा ४५२ धावांचा तत्कालीन विक्रम केवळ नऊ धावा दूर होता. काठियावाडचे नेतृत्व राजकोटच्या ठाकोरसाहेबांकडे होते. आपल्या संघाची आणखी शोभा नको म्हणून त्यांनी मध्यंतरात सामनाच सोडून दिला. निंबाळकरांना अधिकृत कसोटी सामना कधीही खेळावयास मिळाला नाही. या घटनेत अन्याय आहे, पण ती सांगताना मराठी माणूस हसतो. संस्थानिकाने राज्य सोडावे तसा सामना सोडला, आणि तोही संस्थाने विलीन होण्याच्या काळात, हे त्यातील मर्म आहे. नऊ धावांची हळहळ त्या हशात मिसळलेली राहते. हा सामना पाहिलेले लोक आज जवळजवळ उरलेले नाहीत. सांगणारे पुष्कळ आहेत.

आता जुन्या सामन्यांच्या चित्रफिती सहज पाहावयास मिळतात. त्यामुळे आठवणीची शहानिशा होते, हे चांगलेच. परंतु चित्रफीत पाहून ‘तो चेंडू इतका वेगवान नव्हताच’ असे सिद्ध करणारा श्रोता कथनाचा एक घटक गमावतो. अतिशयोक्ती हे या कथनाचे अलंकारशास्त्र आहे. सांगणारा फुगवून सांगतो, ऐकणाऱ्यास ते ठाऊक असते आणि आपल्याला ते ठाऊक आहे हे सांगणाऱ्यासही ठाऊक असते. या परस्पर-संमतीतूनच हास्य निर्माण होते.

‘आपण’ म्हणजे कोण?

मराठी क्रिकेट-स्मरणरंजनाला ग्रांथिक व रंगमंचीय रूप देणाऱ्यांत शिरीष कणेकर (१९४३–२०२३) आणि द्वारकानाथ संझगिरी (निधन २०२५) ही दोन नावे अग्रगण्य आहेत. कणेकरांचे ‘क्रिकेटवेध’ हे पुस्तक आणि ‘फटकेबाजी’ व ‘माझी फिल्लमबाजी’ हे एकपात्री कार्यक्रम, तसेच पेशाने अभियंता असलेल्या संझगिरी यांचे विपुल स्तंभलेखन यांनी क्रीडालेखनाला बोलीचा वेग दिला. क्रिकेट आणि हिंदी चित्रपटसंगीत ही एकाच पिढीची दोन वेडे आहेत, हे त्यांनी ओळखले होते. दोघांच्याही लेखनात निवेदक हा तज्ज्ञ म्हणून समोर येत नाही. तो एक नादावलेला माणूस असतो. वर सांगितलेल्या निकषावर हे लेखन पुष्कळदा उतरते, याचे कारण हेच होय.

तथापि या परंपरेतील ‘आपण’ बराचसा शिवाजी पार्क, आझाद मैदान आणि लोकलच्या डब्यापुरता आखलेला आहे. त्यातील अनेक विनोद स्थळांच्या व व्यक्तींच्या ओळखीवर उभे असतात. ज्याने ते मैदान पाहिले नाही त्यास टीप द्यावी लागते, आणि टीप दिली की विनोद संपतो.

ही कुंपणे भौगोलिक आहेत तशीच सामाजिकही आहेत. पाळवणकर बाळू या दलित गोलंदाजाने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. पुण्यात हिंदूंच्या संघाकडून खेळताना त्याच संघातील सहकाऱ्यांपासून वेगळे, बाहेर बसून, मातीच्या भांड्यातून चहा घेण्याची वेळ त्यांच्यावर येत असे. त्यांचे बंधू विठ्ठल यांना हिंदूंच्या संघाचे नेतृत्व १९२३ मध्ये मिळाले. त्यांचे मराठी आत्मचरित्र ‘माझे क्रीडा-जीवन’ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे साधन मराठीतच होते. तरीही रामचंद्र गुहा यांच्या ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड’ (२००२) या इंग्रजी ग्रंथानंतरच या बंधूंची व्यापक चर्चा होऊ लागली. ज्या आठवणीवर हसता येत नव्हते ती रंजक स्मरणातून निसटली, असे येथे म्हणावे लागते. विनोदाने स्मरण सुसह्य होते हे खरे. परंतु कोणते स्मरण वगळल्याने ते सुसह्य झाले, हा प्रश्न समीक्षकाने विचारलाच पाहिजे.

सिरोंचाहून पाहता हा प्रश्न आणखी एका अंगाने पुढे येतो. प्राणहिता-गोदावरीच्या संगमाजवळचे हे तालुक्याचे गाव जिल्हा मुख्यालयापासून सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे. येथील अनेक घरांत तेलुगू बोलली जाते, आसपासच्या गावांत गोंडी व माडिया बोलल्या जातात. मराठी ही शाळेची आणि कचेरीची भाषा आहे. येथील विद्यार्थ्याला शिवाजी पार्कची आठवण वारशाने मिळत नाही. मग त्याच्या वाट्याला काय येते?

या संदर्भात कर्नल सी. के. नायडूंचे उदाहरण बोलके आहे. भारताच्या पहिल्या कसोटी संघाचे (लॉर्ड्स, १९३२) हे कर्णधार १८९५ मध्ये नागपुरात एका तेलुगू भाषक कुटुंबात जन्मले. त्या काळी सिरोंचा तहसील चांदा जिल्ह्यात होती आणि नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती. म्हणजे एकाच प्रशासकीय प्रांतातील, घरी तेलुगू बोलणारा हा माणूस. डिसेंबर १९२६ मध्ये मुंबईच्या जिमखाना मैदानावर एम. सी. सी. संघाविरुद्ध त्यांनी ११ षटकारांसह १५३ धावा केल्या. मराठी स्मरणरंजनात नायडू येतात ते मुंबईच्या मैदानावरचे पाहुणे म्हणून किंवा इंदूरच्या होळकरांचे सेनापती म्हणून. नागपूरचे, तेलुगू घरातील नायडू क्वचितच येतात. सिरोंचाच्या वाचकास ‘आपण’ म्हणावयास जो दुवा सर्वांत जवळचा, तोच या वाङ्मयात क्षीण आहे.

विदर्भाची गोष्ट याहून मौजेची. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी स्पर्धेत खेळतो. अंतिम फेरी त्याने प्रथम गाठली ती २०१७-१८ च्या हंगामात, आणि १ जानेवारी २०१८ रोजी इंदूर येथे दिल्लीला नऊ गडी राखून हरवून तो विजेताही झाला. पुढे २०१८-१९ आणि २०२४-२५ मध्येही त्याने करंडक जिंकला. विजयाची एकही आठवण नसलेल्या त्या सहा दशकांत वैदर्भीय रसिकाने काय जोपासले असेल? मुंबईकराचे स्मरणरंजन करंडकांच्या रांगेसमोर उभे राहून चालते. वैदर्भीयाजवळ ती रांगच नव्हती. त्याच्या विनोदाची सुरुवातच स्वतःपासून होत असे. आपल्या निकषानुसार हा विनोद उच्च प्रतीचा, पण तो फारसा कोणी लिहून ठेवला नाही. वैदर्भीय बोलींतील हे मौखिक क्रीडास्मरण संकलित होणे आवश्यक आहे, आणि ते काम येथील महाविद्यालयांखेरीज दुसरे कोण करणार?

आठवणीचा बदलता अर्थ

स्मरणरंजन गोठलेले असते, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याला उत्तर म्हणून अमोल मुझुमदारचे उदाहरण देता येईल. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस ढालीच्या सामन्यात शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर (नाबाद ३२६) व विनोद कांबळी (नाबाद ३४९) यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुझुमदार बसूनच राहिला. पुढे प्रथम श्रेणीत विपुल धावा करूनही त्याला भारताकडून खेळण्याची संधी मिळाली नाही. मुंबईच्या क्रिकेटवर्तुळात हा प्रसंग अनेक वर्षे किंचित दयार्द्र विनोद म्हणून सांगितला गेला. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघाचा मुख्य प्रशिक्षक मुझुमदार होता. तोच विनोद आता वेगळ्या स्वरात सांगितला जातो. घटना तीच आहे. तिच्यापुढे जे घडले त्याने तिचा अर्थ बदलला. शिवाय ज्या स्मरणवाङ्मयात स्त्रिया बहुधा चहा आणून देणाऱ्या किंवा रेडिओ बंद करावयास सांगणाऱ्या म्हणूनच येत, त्याच्या एका लाडक्या कथेचा शेवट महिला संघाने लिहिला, हेही नोंदवले पाहिजे.

समारोप

वरील विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, मराठीतील क्रिकेट-स्मरणरंजनाचा विनोद मुख्यतः पराभवातून आणि निवेदकाच्या आत्मोपहासातून येतो. तो इतरांच्या अज्ञानावर पडू लागला की त्याचे मूल्य घटते. दुसरी, या विनोदाचा पाया समालोचनाच्या परिभाषेने घातला, आणि ती परिभाषा सर्वांच्या ओळखीच्या जीवनव्यवहारांतून आल्यामुळे तिला प्रांताची वा वस्तीची अट नाही. तिसरी, ग्रंथबद्ध क्रीडास्मरणातील ‘आपण’ मात्र संकुचित राहिला; पाळवणकर बंधू, नागपूरचे नायडू आणि विजयाविना साठ वर्षे काढलेला वैदर्भीय रसिक त्याच्या कडेला राहिले.

अध्यापकांच्या दृष्टीने यातून एक काम निघते. मराठीच्या तासाला विद्यार्थ्यांकडून निबंध लिहून घेताना आपण त्यांना ‘मी पाहिलेला सामना’ हा विषय देतो. ज्याने कधी मोठे मैदान पाहिले नाही त्याची वही त्यामुळे कोरी राहते किंवा खोट्याने भरते. त्याऐवजी ‘मी ऐकलेला सामना’ हा विषय द्यावा. घरातील वडीलधाऱ्यांकडून तेलुगूत, गोंडीत वा मराठीत ऐकलेली हकिकत, तीत कोण कशावर हसले यासह, त्यांनी लिहून आणावी. क्रीडालेखनाच्या मराठी परंपरेत जी पाने नाहीत, त्यांतील काही तरी अशा वह्यांतून सापडतील.